जाळीतला टोमॅटो आणि गच्चीतला टोमॅटो

भाद्रपद उतरणीला लागला की पिंपळगाव बसवंतच्या बाजार आवाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर दुपारपासून पिकअप आणि टेम्पोंची रांग लागते. प्रत्येक गाडीत प्लॅस्टिकच्या जाळ्या एकावर एक रचलेल्या, आणि प्रत्येक जाळीत वीस किलो टोमॅटो. निफाड, दिंडोरी, चांदवड, सिन्नर, इकडे गिरणाऱ्याचा परिसर. जून-जुलैत लावलेली रोपे तार-बांबूवर चढून आता फळाला आलेली असतात. लिलावाच्या वेळी व्यापारी वरच्या थरातले एखादे फळ उचलतो, अंगठ्याने हलकेच दाबून पाहतो, रंग निरखतो, खालच्या थरात तसाच माल आहे ना याची खात्री करतो आणि भाव पुकारतो. सगळा व्यवहार काही क्षणांचा. त्या क्षणांत फळाचा कठीणपणा मोजला जातो, रंग मोजला जातो, आकार आणि वजन मोजले जाते. चव मात्र कोणी पाहत नाही.

यात व्यापाऱ्याचा दोष काढण्यासारखे काही नाही. हा माल रात्रीच ट्रकमध्ये चढून गुजरातला, दिल्लीला किंवा त्याहून दूर जाणार असतो. हजार-बाराशे किलोमीटरचा प्रवास, खाली-वर रचलेल्या जाळ्यांचा भार आणि पोहोचल्यानंतर किरकोळ दुकानदाराच्या गाडीवरचे दोन-तीन दिवस, एवढे सोसून जे फळ अखंड राहील त्यालाच भाव मिळणार. पातळ सालीचे, रसाळ फळ अर्ध्या वाटेवर फुटते आणि आपल्याबरोबर शेजारची चार फळेही नासवते. ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या आडत किंवा भुसार-किराण्याचा व्यवसाय चालत आला, त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही.

तरीही एक विसंगती मनात राहते. याच जिल्ह्यात, याच मातीत द्राक्षाचा बागायतदार काढणीच्या आधी आठवडाभर बागेत रिफ्रॅक्टोमीटर घेऊन फिरतो. मण्याचा थेंबभर रस काचेवर ठेवायचा, डोळ्याला लावून उजेडाकडे पाहायचे आणि साखरेचा आकडा वाचायचा. ब्रिक्स हा इंग्रजी शब्द नाशिकच्या शेतकऱ्याच्या तोंडी इतका रुळला आहे की तो परका वाटतच नाही. आकडा अठराच्या आसपास पोहोचल्याशिवाय निर्यातीच्या मालाला कात्री लागत नाही. द्राक्षाच्या गोडीला पैसा मिळतो, म्हणून ती मोजली जाते. बांधापलीकडच्या टोमॅटोचा ब्रिक्स साधारण चार ते सहाच्या दरम्यान असतो. पण चार आणि सहा यांत जिभेला जो फरक जाणवतो, त्याची नोंद लिलावाच्या पट्टीवर कुठेच होत नाही.

हा फरक कोणत्या स्वयंपाकघरात सर्वांत आधी उघड होतो, असे विचारले तर उत्तर आपल्याच घरांत सापडेल. जिथे कांदा-लसूण नाही, तिथे रस्सा उभा राहतो तो टोमॅटोवर. शेवभाजी असो, गट्टे असोत, पनीर असो किंवा कच्च्या केळ्याची पावभाजी. आंबटपणा, गोडवा, रंग आणि दाटपणा या चारही गोष्टी एकाच फळाकडून मागितल्या जातात. कांद्याच्या परतलेल्या गोडीखाली बेचव टोमॅटो झाकून जातो. जैन रश्श्यात तो झाकायला जागाच नसते. मग गृहिणी चिमूटभर साखर घालते, रंगासाठी काश्मिरी मिरचीची पूड वाढवते, आंबटपणासाठी आमचूर किंवा कोकम वापरते, दाटपणासाठी मगज किंवा काजू वाटून टाकते. हे सारे करून झाले की रस्सा चांगला होतो. पण मग टोमॅटोने नेमके काय दिले, हा प्रश्न उरतोच. काही घरांत बहुबीज म्हणून टोमॅटो आजही वर्ज्य मानला जातो, तर बहुतेक घरांत तो अष्टमी-चतुर्दशीला आणि पर्युषणात इतर हिरवाईबरोबर बाजूला ठेवला जातो. गंमत अशी की नेमक्या त्याच दिवसांत पिंपळगावचा हंगाम सुरू झालेला असतो.

टोमॅटोची चव म्हणजे नेमके काय, याचे उत्तर शास्त्रज्ञांनी बऱ्याच खोलात जाऊन शोधले आहे. जिभेला कळतात ती साखर आणि आम्ले; परंतु ज्याला आपण ‘टोमॅटोची चव’ म्हणतो ती बरीचशी नाकाला कळते. फळ चावताना कित्येक सूक्ष्म सुगंधी द्रव्ये घशाच्या मागून नाकात शिरतात आणि साखर आहे त्याहून अधिक असल्याचा भास निर्माण करतात. अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठाचे हॅरी क्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक मोठे काम प्रसिद्ध केले. त्यांनी जुन्या, नव्या आणि रानटी मिळून ३९८ टोमॅटोंची जनुकीय संहिता वाचली, त्यांतील अनेक वाण सामान्य माणसांना चाखायला दिले आणि आवडीचा संबंध रासायनिक घटकांशी जोडून पाहिला. चवीला महत्त्वाची अशी तेरा सुगंधी द्रव्ये आधुनिक बाजारी वाणांत जुन्या वाणांपेक्षा पुष्कळच घटलेली आढळली. ती कोणी जाणूनबुजून काढून टाकली नव्हती. उत्पन्न, आकार आणि टिकाऊपणा यांची निवड करताना चवीकडे कोणी पाहिले नाही, म्हणून ती हळूहळू गळून गेली. फळ जितके मोठे तितकी त्यातली साखर विरळ, हेही या कामातून स्पष्ट झाले.

त्याआधी, २०१२ मध्ये, आणखी एक गोष्ट उजेडात आली होती आणि ती सर्वसामान्य ग्राहकाला डोळ्यांनी पाहता येण्यासारखी आहे. जुन्या टोमॅटोच्या कच्च्या फळाला देठाभोवती गडद हिरवा पट्टा असतो. बागवान त्याला हिरवे खांदे म्हणतात. फळ पिकताना खांदे मागे राहतात आणि रंग एकसारखा येत नाही. बाजाराला हे आवडेना, म्हणून सुमारे सत्तर वर्षे पैदासकारांनी एकसारखे पिकणारे, खांदे नसलेले वाण निवडले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतील ॲन पॉवेल आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की हा एकसारखेपणा ज्या जनुकाच्या बिघाडामुळे येतो, तेच जनुक फळातील हरितद्रव्य वाढवून साखर तयार करायला मदत करीत असते. म्हणजे देखणे, गुळगुळीत, सर्वांगी लाल फळ मिळवताना गोडीचा एक वाटा हातचा गेला. गंगेवरच्या बुधवारच्या बाजारात एखाद्या पाटीत चपटे, फाळ्या पडलेले, देठाशी हिरवट-पिवळे राहिलेले गावठी टोमॅटो दिसतात आणि गिऱ्हाईक त्यांना ‘अर्धे कच्चे’ म्हणून नाक मुरडून पुढे जाते. पुढच्या वेळी त्या पाटीपाशी थांबायला हरकत नाही.

आता वाणांकडे. आज नाशिकच्या शेतात प्रामुख्याने खासगी कंपन्यांचे संकरित वाण आहेत. १९७० च्या दशकात बंगळूरच्या इंडो-अमेरिकन हायब्रीड सीड्स या कंपनीने देशात संकरित टोमॅटोचे बी आणले. त्यांचे रूपाली, वैशाली हे वाण जुन्या शेतकऱ्यांना अजून आठवतात. पुढे अभिनवसारखे वाण आले: अंडाकृती, जाड सालीचे, आतून मांसल, रस कमी. अभिनव कापला तर सुरीला पाणी लागत नाही आणि सँडविचचा पाव भिजत नाही. हॉटेलवाल्यांना तो का आवडतो ते लगेच कळते. कोशिंबिरीत तो रंग देतो, पण चव दुसऱ्या कशाकडून तरी घ्यावी लागते. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा अर्का रक्षक हा तीन रोगांना तोंड देणारा संकरित वाण आहे. शंभर ग्रॅमच्या आसपासचे घट्ट, गर्द लाल फळ. औषधफवारणी कमी व्हावी असे ज्यांना वाटते, त्यांनी गच्चीवर याचा विचार जरूर करावा. मात्र त्याचे बी पुढच्या वर्षासाठी धरता येत नाही.

सरळ वाणांत सर्वांत जुना आणि सहज मिळणारा म्हणजे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा पुसा रुबी. ‘सू’ हा अमेरिकन वाण आणि ‘इम्प्रूव्हड मेरुती’ यांच्या संकरातून तो निवडला गेला. फळ चपटसर, किंचित फाळ्यांचे, साल पातळ आणि चव स्पष्ट आंबट. नुसता खाल्ला तर काहींना डोळे मिटायला लावील; पण टोमॅटोचे सार करायचे असेल तर पुसा रुबीला तोड नाही. उकडून, गाळून, जिरे आणि कढीपत्त्याची तुपातली फोडणी दिली की साखरेचा कण न घालताही ते सार पूर्ण लागते. आंबटपणाला मागे-पुढे सरकायला जागा असते, म्हणून गूळ घालणाऱ्यांनाही तो मानवतो.

अर्का विकास हा बागवानी संस्थेचाच सरळ वाण. ‘टिप-टॉप’ या अमेरिकन वाणातून निवडलेला, ऐंशी-नव्वद ग्रॅमचा, चपटसर गोल, आणि कच्चेपणी देठाशी फिकट हिरवे खांदे असलेला. तो खास ताजा खाण्यासाठीच निवडला गेला आहे आणि पाण्याचा ताण बऱ्यापैकी सोसतो. आंबट-गोड समतोल हवा असेल, म्हणजे मीठ भुरभुरून चकत्या खायच्या असतील किंवा थालीपिठाबरोबर दह्यातली कोशिंबीर करायची असेल, तर निवड याच्याकडे झुकते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे दोन वाण आपल्या हवामानात सिद्ध झालेले आहेत. धनश्रीची फळे मध्यम, गोल, पन्नास-साठ ग्रॅमची आणि नारिंगी छटेची. भाग्यश्रीची गर्द लाल, बिया कमी, गर भरपूर. भाग्यश्रीची चटणी घट्ट होते, जेवणाच्या डब्यात पाझरत नाही आणि रश्श्याला काश्मिरी मिरचीची मदत फारशी लागत नाही. ताज्या चवीत मात्र भाग्यश्री थोडी सपाट वाटण्याचा संभव आहे, आणि त्याचे कारण तिच्या गुणातच दडले आहे: टोमॅटोतील आंबटपणा आणि तोंडाला पाणी सुटवणारे ग्लुटामेट हे भिंतीच्या गरापेक्षा बियांभोवतीच्या बुळबुळीत रसात अधिक असते. ‘बिया काढून टाका’ असे सांगणाऱ्या पाककृती म्हणूनच चवीच्या शत्रू आहेत.

हौशी मंडळी आता परदेशी बियाही मागवतात. जपानच्या टोकिता कंपनीचा सनगोल्ड हा नारिंगी चेरी टोमॅटो १९९२ च्या सुमारास बाजारात आला आणि मुलांच्या जगात त्याने टोमॅटोला फळांच्या रांगेत नेऊन बसवले; याचा ब्रिक्स आठ-नऊपर्यंत जातो. दुसरा बहुचर्चित वाण चेरोकी पर्पल. १९९० मध्ये अमेरिकेतील क्रेग लेहुलियर या बियासंग्राहकाकडे टेनेसी राज्यातून टपालाने एका पाकिटात याच्या बिया आल्या आणि त्यांनीच त्याला हे नाव दिले. मळकट जांभळा रंग, हिरवे खांदे, वेडावाकडा आकार; आणि चव मात्र दाट, काहीशी धुरकट गोड. एवढे मोठे फळ धरणारी झाडे आपल्याकडच्या उन्हात फुले गाळतात आणि अवकाळी पाऊस आला की फळे तडकतात. चेरी टोमॅटो त्या मानाने कुंडीत कमी रुसतो. नवख्याने सुरुवात चेरीपासून करावी, चेरोकीचा हट्ट तिसऱ्या वर्षी धरावा.

टोमॅटो फळ की भाजी, हा वाद मुले हमखास काढतात. व्यापाऱ्यांच्या घरात त्याचे एक उत्तर ठाऊक असावे असे आहे. अमेरिकेत १८८३ च्या कायद्याने आयात भाज्यांवर दहा टक्के जकात होती, फळांवर नव्हती. जॉन निक्स नावाच्या न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्याने टोमॅटो हे वनस्पतिशास्त्राप्रमाणे फळ आहे, म्हणून जकात परत द्या, असा दावा लावला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १८९३ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला की लोक ज्याला जेवणात भाजी म्हणून वापरतात ती व्यवहारात भाजीच. निक्स हरले.

नाशिकच्या गच्चीवर टोमॅटोचा उत्तम हंगाम कोणता? बाजाराचा हंगाम आणि चवीचा हंगाम येथे वेगळे आहेत. पावसाळ्यात झाडाला पाणी हवे त्याहून अधिक मिळते, ऊन कमी पडते. फळ फुगते आणि चव पातळ होते. चैत्र-वैशाखात उलटा त्रास: तापमान तीस-बत्तीस अंशांपुढे गेले की लाल रंगद्रव्य नीट तयार होत नाही, फळ नारिंगीवरच अडते, आणि फुलेही गळतात. म्हणून रोपे नवरात्रात कुंडीत लावावीत. फळधारणा कार्तिकात, थंडी वाढण्यापूर्वी होते आणि पौष-माघात, निरभ्र उन्हात, फळे सावकाश पिकतात. निफाडच्या गहू संशोधन केंद्रातील नीचांकी तापमानाच्या बातम्या वृत्तपत्रांत झळकू लागल्या की मात्र नवी फुले टिकत नाहीत, हे गृहीत धरावे.

कुंडी निदान पंधरा इंचांची हवी, तळाला भोके, आणि मातीत कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत व मूठभर निंबोळी पेंड. पाणी नियमित; एक दिवस कोरडे आणि एक दिवस तुडुंब असे केले तर फळाचे बूड काळे पडते. फळे रंग धरू लागली की पाणी थोडे आवरते घ्यावे. द्राक्षाचा बागायतदार काढणीआधी पाणी तोडतो, त्याचीच ही घरगुती आवृत्ती. उत्पन्न किंचित घटते आणि साखर किंचित वाढते.

आणखी एक अडचण आपल्या घरांना विशेष जाणवते. फळ पोखरणारी अळी कोवळ्या फळात शिरते, आणि कापल्यावर ती दिसली की त्या दिवशी टोमॅटोवरची वासनाच उडते. विष फवारून जीव मारणे नको वाटते, आणि न फवारता फळ हाती लागत नाही. यावर साधा उपाय म्हणजे रोपाभोवती काठ्या रोवून मच्छरदाणीचे कापड ओढून घेणे. पतंगाला अंडी घालायला वावच मिळाला नाही तर अळीचा प्रश्न उद्भवत नाही. टोमॅटोचे फूल स्वतःच्याच परागाने फळते, मधमाशीवाचून त्याचे अडत नाही. सकाळी उन्हे वर आल्यावर फांदीला हलकी टिचकी मारली की पुरे. जाळी लावायची ती फुले येण्यापूर्वी, मातीपर्यंत आणि खालून फट न ठेवता.

चवीची तुलना घरी करायची तर थोडी शिस्त पाळावी लागते. सारी फळे सारखीच पिकलेली असावीत. एक झाडावर लाल झालेले आणि दुसरे टोपलीत लाल झालेले, अशी तुलना अन्यायाची. फळे फ्रिजमध्ये ठेवू नयेत. बारा अंशांखाली टोमॅटोतील सुगंध तयार करणारी यंत्रणाच मंदावते, आणि आठवडाभर फ्रिजमध्ये राहिलेले फळ बाहेर काढून कोमट केले तरी गेलेला सुगंध परत येत नाही, हे २०१६ मध्ये क्ली यांच्याच गटाने दाखवले आहे. फळ आडवे कापावे, म्हणजे प्रत्येक फोडीत गर आणि रस दोन्ही येतात. आधी नुसते चाखावे, मग मिठाबरोबर; दोन वाणांच्या मध्ये घोटभर पाणी. आणि शक्य असेल तर डोळे बांधावेत. गर्द लाल फोड डोळ्यांना गोड दिसते आणि जीभ डोळ्यांचे ऐकते. आजोबा, सून आणि नातवंडे यांचा पहिला क्रमांक सहसा एक येत नाही: लहान मुले सनगोल्डकडे धावतात, तर ज्येष्ठांना आंबट गावठीतच टोमॅटो सापडतो. दुसऱ्या दिवशी त्याच फळांचे सार आणि रस्सा करून पाहिला की क्रम पुन्हा उलटतो. कच्चा खाताना शेवटी राहिलेला पुसा रुबी पातेल्यात पहिला येतो.

गच्चीवर जे जमते ते शेतात का जमू नये, हा प्रश्न शहरातला माणूस सहज विचारतो. उत्तर जमाखर्चात आहे. तार, बांबू, सुतळी, रोपे, खते, औषधे, तोडणीची मजुरी, जाळीचे भाडे, गाडीभाडे, हा खर्च भाव पडला म्हणून कमी होत नाही. २०२१ च्या ऑगस्टमध्ये नाशिकच्या शेतकऱ्याला किलोमागे दोन-तीन रुपये मिळाले आणि त्याने माल रस्त्यावर ओतला. दोन वर्षांनी, २०२३ च्या जुलैत, शहरांत तोच टोमॅटो शंभर रुपयांच्या वर गेला. अशा झुल्यावर बसलेल्या माणसाला चवीसाठी उत्पन्न सोडायला सांगणे हे निव्वळ अव्यवहारी आहे. घाऊक बाजारात चवीला वेगळा भाव जोवर नाही, तोवर तो वजनच पिकवणार. दिंडोरी तालुक्यातील मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सने द्राक्षाबरोबर टोमॅटोवरही प्रक्रिया उभी केली आहे. प्रक्रियेत फळाचा घट्टपणा नव्हे, तर आतला घन अंश कामाचा असतो. तिथे रिफ्रॅक्टोमीटरला अर्थ येतो. ताज्या फळाच्या बाजारात तो कधी येईल, हे आडतीच्या गादीवर बसणाऱ्यांनी पाहायचे. मुंबई-पुण्याच्या दुकानांत पाव किलोच्या डबीतला चेरी टोमॅटो साध्या टोमॅटोच्या कित्येक पट भावाने विकला जातो आणि तो घेणारे गिऱ्हाईक परत येते, एवढे तर दिसतेच आहे.

सरळ वाणाचे बी धरणे अवघड नाही. झाडावरचे सर्वांत चांगले, सर्वांत मोठे नव्हे तर सर्वांत चवदार निघालेले फळ चाखून झाल्यावर त्याच झाडाचे दुसरे पूर्ण पिकू द्यावे. त्याच्या बिया चाळणीत चोळून, पाण्याखाली धुऊन वरचा बुळबुळीतपणा काढावा आणि चाळलेल्या राखेत घोळून सावलीत चार-पाच दिवस वाळवाव्यात. कागदाच्या पुडीवर वाणाचे नाव, महिना आणि कोणत्या पदार्थाला तो लागू पडला हे लिहून पुडी कोरड्या बरणीत ठेवावी. तीन-चार वर्षे हे बी चांगले उगवते. माघात बांधलेली पुडी भाद्रपदात, पर्युषण आटोपल्यावर उघडून रोपे टाकली की ती नवरात्रापर्यंत कुंडीत लावण्याजोगी होतात.